धुराचा काटा अन् अडीचशे कलमं

खाप्यातल्या बाया मले अजून विचारतात, माय, तुमी पिकअपमंधी बसून शिलेवानीचा घाट चढल्या, तर तिथी काय काय पाह्यलं? मी त्याहिले खरं तेच सांगते. अर्धा घाट मी पाह्यलाच नाही. माहे डोळे एका काट्यावर होते. तरी जेवढं पाह्यलं तेवढं सांगून राहिली, कारण त्या वाटेनं आपल्यातल्या बाया जात नाहीत, अन् गेल्या तरी यष्टीत झोपून जातात.

नागपूर, मिस्त्रीच्या शेडमंधी

माहा पोरगा नामा डिझेलची पिकअप चालवते. तोंड जीपचं अन् मागं लोखंडी डाला. जुनीच घेतली होती. खाप्याहून कळमन्याले माल नेते, वापस येताना भेटन ते भरते. आदल्या सालच्या उन्हाळ्यात तो सिमेंट भरून घाट चढून राहिला होता, अन् माथ्याजवळ पोचता पोचता गाडी धडधडली अन् बंद पडली. दोरानं ओढत नागपूरले आणली. कामठी रोडवर हमीद मिस्त्रीचं टिनाचं शेड आहे. त्यानं इंजिन उघडलं तर आतल्या एका पिस्टनच्या माथ्याले छेद पडला होता. उदबत्तीनं लुगड्याले पडते ना, तसा गोल, कडा वितळलेल्या. लोखंडाच्या पेटीत बसलेली वस्तू अशी जळते हे मी त्या दिवशी पह्यल्यांदा पाह्यलं. नामा चार महिने घरी बसला. आमी कण्या खाल्ल्या. ते झालं.

या खेपेले गाडीत सिमेंट नव्हतं, माही कलमं होती. संत्र्याची, अडीचशे. जंबेरीचं, म्हणजे आंबट रानलिंबाचं, रोप लावायचं, ते बोटाएवढं झालं का त्याच्या सालीत संत्र्याचा डोळा बांधायचा, मंग वर्षभर जपायचं. दोन सालं मी ते केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली तर कन्हानच्या वाळूत झिरा उकरून घागरीनं पाणी वाह्यलं. डोक्यावर जिथी घागर बसे तिथचे केस गेले ते आलेच नाहीत.

कलमं कोणासाठी, तर माही पोरगी शांता, तिच्यासाठी. तिले घाटावर दिली होती, उमरानाल्याच्या आतल्या एका गावात. दोन-अडीच सालाआधी जावयाचा ताप डोक्यात गेला. नागपूरले धंतोलीच्या दवाखान्यात आणलं होतं त्याले, तिसऱ्या दिवशी आमी वापस गेलो, तो नाही. मंग यंदा शांताच्या भासऱ्यानं, म्हणजे जावयाच्या मोठ्या भावानं, चार लोकांत सांगितलं का दोन एकराचं वावर अन् विहीर तिच्या नावानं ठेवतो, पण पडीक नाही ठेवू देणार. या पावसाच्या आधी वावरात झाड उभं दिसलं तर वावर तिचं. नाही दिसलं तर तो पेरन. अन् त्या वावराच्या अलीकडं एक नाला आहे, त्याले पूल नाही. एक पाणी पडलं का दिवाळीपर्यंत गाडी पलीकडं जात नाही. म्हणून कलमं न्यायची ती मृगाच्या आधी, भर उन्हात. उन्हात मातीचा गोळा सुकला का कलम मेलं. दोन दिवस घाटात अडकलो असतो तर शांताले वावर नव्हतं.

म्हणून नामा आधी मिस्त्रीकडं गेला, अन् मी त्याच्यासंगं गेली.

मिस्त्री म्हातारा, माह्याच वयाचा. इंजिनातल्या पाण्याची गरमी दाखवणारा काटा गाडीत असतेच, पिस्टन जळला तेव्हाचं त्याचं त्यानं नामाले विचारलं, "तब पानी का काटा कितने पे था?"

"बरोबर मधात होता."

"वोही तो! पानी देर से बोलता है. धुआँ पहले बोलता है."

मी टायरावर बसली होती, तिथूनच विचारलं, "भाऊ, धूर कसा बोलते?"

तो हसला नाही. मले आवडलं ते. त्यानं कबाड्यातून आणलेला एक काटा दाखवला, कोण्या कारखान्याच्या भट्टीचा होता. तव्याएवढी काच, मंधी सुई, अन् मागून निघालेल्या दोन तारा. त्या दोन तारा दोन जातीच्या, म्हणे, अन् टोकाले एकत्र जोडलेल्या. ते टोक तापलं का तारेतून बारीक करंट येते अन् सुई सरकते. त्यानं टोक चहाच्या स्टोव्हवर धरलं. सुई अशी झरझर चढली का मी मांडी सोडून उभी राहिली.

"चहात बुडवून पाहू का?" मी विचारलं.

"बुडाओ, अम्मा."

गंजातला, पातेल्यातला म्हणा, चहा खळखळ उकळून राहिला होता. मी टोक बुडवलं. सुई जराशीच हालली अन् बसली. उकळता चहा म्हणजे तिच्या लेखी काहीच नव्हतं. नामा म्हणे, "माय, आता चहा कोण पिईन?" आमी तिघांनीही पेला. जरासा लोखंडाचा वास होता.

मिस्त्रीनं मंग धुराच्या पाइपाले, जिथून तो इंजिनातून निघते अगदी त्या तोंडाशी, छेद पाडला अन् तारेचं टोक आत बसवलं. काटा आत स्टेरिंगच्या बाजूले, माह्या तोंडापुढं. आकडे इंग्रजी, ते मले वाचता येत नाही, म्हणून त्यानं काचेवर ऑइल पेंटानं रंग लावले. हिरवा, मंग पिवळा, अन् साडेसहाशे डिग्रीच्या वर लाल.

"लालमंधी गेली तर?" नामानं विचारलं.

"लाल में जाने से पहले गियर गिराना. पैर हलका. चढाव पे गाडी को चिल्लाने दे, कराहने मत दे."

मले ते समजलं नाही तर त्यानं समजावून सांगितलं. मोठ्या गियरमंधी इंजिन हळू फिरते, पाय दाबला का डिझेल जास्त जाते, पण हवा तेवढीच. मंग काळा धूर निघते अन् आतून आग. लहान गियर टाकला का इंजिन जोरात फिरते, ओरडते, पण श्वास भरून घेते. अन् चढ चढून आलं का लगेच बंद नाही करायचं, उभी ठेवून हळूहळू चालू द्यायचं, म्हणजे आतली उष्णता निघून जाते.

"म्हणजे चूलच," मी म्हटलं. "काड्या कोंबल्या अन् फुंकणी नाही मारली."

"बराबर, अम्मा. तुम तो आधी मिस्त्री हो गयी."

नामा म्हणे, "पण मी रस्ता पाहू का काटा पाहू?"

मिस्त्रीनं माह्याकडं बोट केलं. असं ते काम मले लागलं.

सावनेर ते सौंसर

डाल्यात खाली ओलं गवत, त्याच्यावर कलमं उभी, मातीचे गोळे एकमेकाले टेकवलेले, वरून ओलं गोणपाट. कोपऱ्यात पाण्याचा ड्रम. मिस्त्रीनं सांगितलं होतं का घाट सकाळी चढा, दुपारची हवा पातळ असते. म्हणून आमी खाप्याहून उजाडताच निघालो. पण सावनेरच्या पुढं मागचं चाक पंक्चर झालं, अन् जॅक लावाले तर अर्धी कलमं उतरवणं आलं. उतरवली, चढवली, पाणी मारलं. दुपार तिथीच आली.

बाकी रस्ता सपाट. मी काट्याचा खेळ शिकून घेतला. नामानं पाय दाबला का सुई पिवळ्याकडं, सोडला का हिरव्यात. बैलगाडी आडवी आली का खाली. मी म्हणत जाऊ, "हिरवा. हिरवा. पिवळा लागला, गा." थोड्या वेळानं नामा म्हणे, "माय, हिरवा असला का नको सांगू. माहं डोकं गरगरते." मंग मी फक्त पिवळा सांगितला. पाण्याचा काटा बाजूले आपला सुस्त पडून होता. मले त्याची कीव आली. सगळं होऊन गेल्यावर ज्याले समजते, असे घरोघरी असतात.

सौंसरच्या अलीकडं एका हॉटेलात थांबलो. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या अन् पऱ्हाट्यांचं, कपाशीच्या काड्यांचं, छप्पर. तिथी मुरमुऱ्यावर तर्री टाकून देतात. आपल्याकडं तर्री पोह्यावर. मुरमुरे लगेच भिजून लगदा होतात, पण ते लोक लगदा व्हायच्या आतच खाऊन टाकतात, जेवताना बोलत नाहीत. मी बोलत बसली तर माहा लगदा झाला. वरून मी आपली भाकर अन् मिरचीचा ठेचा खाल्ला.

हॉटेलवाल्यानं सांगितलं, पुढं पुलाचं काम चालू आहे, गाड्या वावरातून काढून राहिले, धूळ घुटनाभर. नामानं बॉनेट उघडून ठेवलं होतं, इंजिन गार व्हाले, अन् तो जेवत बसला. मी आत डोकावली. एका बाजूले काळा डबा, त्याले हाताएवढं तोंड उघडं. मले मिस्त्रीनं दाखवलं होतं, इथून गाडी हवा घेते. मी त्या तोंडापाशी हात धरला. हाताले धुळीचा थर आला. एवढ्या तोंडातून घुटनाभर धूळ आत जाईन, मंग काय होईन?

आपण रांजणाच्या तोंडाले काय करतो? फडकं बांधतो. पाणी गाळून येते, काडीकचरा वर राहाते. मी गाठोड्यातून जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, चार घड्या केल्या, ड्रमात बुडवला का म्हणजे हवा थंडही जाईन, अन् डब्याच्या तोंडाले सुतळीनं चांगला आवळून बांधला. माही गाठ सुटत नाही. नामा आला, बॉनेट लावलं, निघालो. त्याले सांगावं असं त्यात मले काही वाटलं नाही. घरी रांजणाले फडकं बांधलं तर कोणी सांगते का?

वावरातला रस्ता खरंच तसा होता. समोरची ट्रक दिसत नव्हती, तिची धूळ दिसत होती. माहे दात कचकच करून राहिले होते. पण मनात बरं वाटत होतं का गाडीच्या तोंडाले तरी फडकं आहे.

घाट

रामाकोनाच्या पुढं जमीन बदलते. आपली काळी माती संपते, लाल मुरूम लागते, अन् पऱ्हाटीचे वावरं संपून सागाचं जंगल. उन्हाळ्यात साग नागडा उभा असते. खाली वाळल्या पानाहिचा एवढा थर का माणूस चालला तर पापड मोडल्यासारखा आवाज. पहाड समोर आडवा पडलेला. मी विचारलं, "याच्या वर गाव आहेत?" नामा म्हणे, "वर तर सपाट आहे, माय. आपल्यासारखंच. पायरी चढून ओट्यावर गेल्यासारखं." मले लय आश्चर्य वाटलं. मी समजत होती का पहाडाच्या पलीकडं उतार असते.

चढ लागला. पह्यल्या वळणाच्या आधीच सुई पिवळ्यात गेली.

"पिवळा."

नामानं गियर पाडला. गाडी ओरडली. सुई थांबली नाही.

"पिवळाच आहे. वर चालली."

"दुसराच गियर आहे, माय. आणखीन पाडू?"

"लाल लागला, गा! पाड!"

त्यानं पह्यला टाकला. मागच्या आरशात पाह्यलं तर काळा धूर, कोळशाच्या इंजिनासारखा. वळणावर रुंद जागा पाहून त्यानं गाडी काढली, मागच्या चाकाले दगड लावला, अन् मिस्त्रीनं सांगितल्यासारखी चालूच ठेवली. सुई हळूहळू खाली आली. मी कलमाहिवर पाणी मारलं. ड्रम अर्धा झाला होता. पुन्हा निघालो. पुन्हा शंभर हात नाही गेलो तर लाल.

नामाच्या कपाळावरून घाम गळून राहिला होता. मागच्या साली जिथी गाडी बसली ती जागा आणखीन वर होती, तरी तो तिच्याकडंच पाहून राहिला होता. म्हणे, "वापस जाऊ का? उद्या सकाळी चढू."

"एक दिवस अन् एक रात ही कलमं डाल्यात? अन् उद्याही अशीच तापली तर?"

"मंग ओझं कमी करू. अर्धी इथी उतरवू, अर्धी वर टाकून येऊ."

तिथी सडकेच्या कडेले एक गोंडीण बाई जांभळाची टोपली घेऊन बसली होती. सुकरती तिचं नाव. ती आमचा तमाशा मघापासून पाहून राहिली होती. मी म्हटलं, "बाई, ही झाडं तुह्यापाशी ठेवतो. ढोर-बकरी येऊ देशीन नको."

"बिछा दे साज के नीचे," ती म्हणे. "मेरे को कहाँ जाना है."

आमी सव्वाशे कलमं साजाच्या झाडाखाली उतरवली. हाताहातानं, गोळा फुटू नये म्हणून लेकरासारखी. तरी सात-आठ फुटली. सुकरतीनं न सांगता पळसाची पानं तोडून त्याहिवर झाकणं घातली.

अर्धं ओझं घेऊन निघालो. पह्यल्या वळणात पिवळा. दुसऱ्यात लाल.

"थांबव," मी म्हटलं.

नामानं गाडी काढली अन् स्टेरिंगवर डोकं टेकवलं. "मिस्त्रीनं इंजिनच बरोबर नाही बांधलं," तो म्हणे. "का माहाच पाय असा आहे, कोण जाणे. माह्या हातात गाडी जळतेच, माय. शांताले काय तोंड दाखवू?" अन् उतरून पलीकडं दगडावर जाऊन बसला, माह्याकडं पाठ करून. इंजिन चालूच होतं.

मी काट्याकडं पाहत बसली. ओझं अर्धं केलं, तरी सुई जिथी होती तिथीच. म्हणजे ओझ्याचं काम नाही. गियर लहान, पाय हलका. म्हणजे काड्याही कमीच टाकून राहिलो. मंग चूल धूर काहून करते? काड्या कमी असून चूल धुपते, ती कधी? फुंकणीचं तोंड बुजलं का.

बाप्पा. मी उतरली अन् बॉनेटची खिट्टी काढून आत पाह्यलं.

ते लुगडं राह्यलं नव्हतं. ओल्या कपड्यावर वावरातली सगळी धूळ बसून, वाळून, चुलीले लिंपण लावते तसा माती-कपड्याचा पोपडा झाला होता, अन् इंजिन त्याले आत ओढून राहिलं होतं, दमा लागल्या माणसाचं पोट आत जाते तसं.

नामाची पाठ माह्याकडं होती. बॉनेट उघडंच होतं. सुतळी तोडून तो चिखल सागाच्या पानात फेकला असता तर त्याले कधीच समजलं नसतं. इंजिन आपोआप थंड झालं असतं अन् आमी चढून गेलो असतो. एवढा विचार मी केला, तो लपवत नाही. पण तो पोरगा आपल्या पायाले दोष देऊन राहिला होता. अन् त्या म्हाताऱ्या मिस्त्रीलेही.

"नामा," मी हाक मारली. "गाडी बंद कर अन् इकडं ये. तुहा पाय चांगला आहे."

तो आला. त्यानं पाह्यलं.

"माय, हे काय आहे?"

"फडकं. मी बांधलं, सौंसरच्या अलीकडं, हॉटेलात. धूळ जाऊ नये म्हणून."

"तू इंजिनाचं तोंड बांधलं?"

"रांजणाचं बांधतो ना आपण."

"रांजण श्वास घेते का वं?" तो ओरडला. असा ओरडला का वरचे वांदरे हालले. मंग सडकेवर खालीच बसला, अन् मले वाटलं रडून राहिला, पण तो हसून राहिला होता. "मिस्त्रीनं दोन जातीच्या तारा लावल्या. भट्टीचा काटा आणला. अन् माह्या मायनं गाडीचा गळा दाबला."

"हसू नको. गाठ सोड, मले सुटत नाही."

त्याले नाही सुटली. चाकूनं कापली. डब्याच्या आतलं तेल चांगलं होतं. तो डबाच मुळी धूळ धराले असते, हे मले नंतर मिस्त्रीनं सांगितलं. धूळ तेलात बसते अन् हवा पुढं जाते. म्हणजे गाडीले फडकं आधीच होतं, मीच दुसरं बांधलं. मिस्त्री हे ऐकून हसला नाही, टोपी काढून डोकं खाजवत राह्यला, अन् म्हणे, "अम्मा, काटा तो सच बोल रहा था. हम सब ने इंजन पे शक किया, हवा पे नहीं." तेव्हापासून तो दर ड्रायव्हरले पह्यले हवेच्या डब्याचं तोंड उघडून दाखवाले लावते.

गाडी सुरू केली. धूर पांढुरका. आमी वळून खाली सुकरतीकडं आलो. मी उतरून पळसाची पानं उचलली तर खालची माती ओली. तिनं भोपळ्याच्या तुंब्यानं झिऱ्यावरून पाणी आणून प्रत्येक गोळ्यावर शिंपडलं होतं. फुटलेल्या गोळ्यांले तिनं पानात माती भरून वेलीनं बांधलं होतं. मी दोन सालं हे काम केलं, पण फुटला गोळा असा बांधाले मले नसतं सुचलं.

तिनं दुसऱ्या तुंब्यातली, कुटकी म्हणून बारीक धान्य असते त्याची पेज आमाले दिली. आपल्याकडं पेज आजाऱ्याले देतात, तिथी कामाच्या माणसाले देतात, आंबट अन् थंड. दोन घोट पोटात गेले अन् मले समजलं का त्या बाया दिवसभर उन्हात कशा बसतात. मी विचारलं, "काय देऊ तुले?"

तिनं कलमाहिकडं पाह्यलं. "ये मीठा होता?"

"चार-पाच सालानं."

"तो एक दे."

मी दोन दिली. तिनं टोपलीत जांभळाच्या वर ठेवली अन् लगेच उठून गेली. जाताना म्हणे, "मेरे घर के सामने से जाओगी तो देखोगी."

मंग पूर्ण ओझं घेऊन तोच घाट, तेच ऊन. सुई पिवळ्यात गेली, पण लालच्या बोटभर खाली थांबली, अन् नामानं तिले तिथीच ठेवली. मागच्या सालची जागा आली तर त्यानं मान वळवली नाही. मी मात्र पाह्यली. काही नाही तिथी, एक पांढरा दगड अन् सडकेवर तेलाचा डाग. वर पोचल्यावर नामानं सांगितलं तसंच सपाट होतं, हवा गार, अन् ज्वारीच्या ठिकाणी मक्याचे वावरं. गाडी बंद करायच्या आधी आमी तिले हळूहळू चालू दिली. सुई हिरव्यात आली तेव्हा मी नामाले सांगितलं, अन् तो म्हणे, "आता सांग बाप्पा, कितीही सांग."

शांताचं वावर

नाला कोरडा होता. दिवस बुडता बुडता पलीकडं गेलो. शांतानं सगळे खड्डे एकटीनं खणून ठेवले होते, दोरी लावून, अन् प्रत्येकाच्या तळाशी शेणखत. हात पाह्यले तिचे. तिनं ते लपवले नाही.

एका रांगेत पाच-सहा खड्डे बुजलेले होते. त्यावरून बैलगाडीच्या चाकोऱ्या गेल्या होत्या.

"हे कोणं बुजवले?"

"भासऱ्याची गाडी जाते इथून," शांता म्हणे. "त्याच्या वावराचा रस्ता बांधावरून आहे, पण हे वावर रिकामंच आहे म्हणून तो मधातून काढते. मी रोज खणते, रोज बुजते."

"त्याले सांगितलं का?"

"मी त्याच्यासंगं बोलू कशी, माय?" घाटावरही सून भासऱ्यापुढं पदर घेते अन् बोलत नाही, आपल्यासारखंच. ते काही बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटताच लावाले सुरुवात केली. नामा पाणी ओढे, शांता माती दाबे, मी कलम सरळ धरू. दुपारी पळसाच्या डगाळ्या सावलीले रोवल्या. चाकोरीतले खड्डे पुन्हा खणले. मी कलम हातात धरून शांताले विचारलं, "इथी लावू? त्याची गाडी मोडन याले."

"लाव," ती म्हणे. "रांगेत येते."

तिसऱ्या दिवशी सकाळी बैलाहिच्या घुंगराचा आवाज आला. भासरा. धिप्पाड माणूस, डोक्याले फटका गुंडाळलेला, गाडीत नांगर. चाकोरीच्या तोंडाशी येऊन त्यानं बैल थांबवले. समोर घुटन्याएवढं कलम, त्याच्या मागं दुसरं, तिसरं, सरळ रांगेत, वर पळसाची पानं. शांतानं पदर ओढला अन् पाठ वळवली, पण जागेवरून हालली नाही. रांगेतच उभी राह्यली, हातात बाल्टी.

मी म्हटलं, "राम राम, भाऊ."

"राम राम, मावशी. हे सगळे घाटातून आणले?"

"हाव."

"या उन्हात?"

"मेले ते आठ-नऊ असतील. बाकीचे उभे आहेत."

तो उतरला. पह्यल्या कलमापाशी उकिडवा बसला, बोटानं माती दाबून पाह्यली, डोळा बांधला होता त्या जागी अंगठा फिरवला. "पाणी किती दिवसा आड?"

"आता रोज. मृग लागला का मंग नाही."

"रोज एकटी ओढन ती?" त्यानं शांताकडं न पाहता विचारलं. शांतानं बाल्टी वाकवून पुढच्या कलमाले पाणी घातलं, जसं तो तिथी नव्हताच.

तो उठला. बैलाहिचे कासरे हातात घेतले अन् उभाच राह्यला. मंग त्यानं जोडी मागं सरकवली, अवघड होतं ते, बैल मानत नव्हते, अन् गाडी वळवून बांधाकडं नेली. तिकडं बोरीची झुडपं वाढली होती. त्याच्या धोतराले काटे लागले, एक बैल फुरफुरला, गाडीचं चाक बांधाले घासलं. तो बैलाहिले शिव्या देत, आमाले नाही, हळूहळू पलीकडं निघून गेला.

शांतानं पदर मागं केला अन् बांधावरच्या बोरीकडं पाह्यलं.

"नामाभाऊ," ती म्हणे, "कुऱ्हाड आहे का गाडीत? त्या बोरी तोडून देऊ. त्याले वळाले जागा कमी पडते."